केंद्रप्रमुख वर्गात बसल्या का?



तुमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत महिन्या-दोन महिन्यांनी एक बाई किंवा साहेब येतात. ऑफिसात बसतात, हजेरीपत्रक बघतात, खिचडीचा तांदूळ बघतात, शेरेबुकात चार ओळी लिहितात, चहा घेतात आणि पुढच्या शाळेला जातात. हे केंद्रप्रमुख. त्या दिवशी भांग नीट पाडून यायचं, एवढंच मुलांना ठाऊक असतं. मी हे काम बरीच वर्षं केलं आणि सुरुवातीची काही वर्षं अगदी असंच केलं. निवृत्त झाल्यावर हे कबूल करायला सोपं जातं.

महाराष्ट्रात हे पद १९९४ पासून आहे. आसपासच्या शाळांचं एक केंद्र करायचं आणि तिथल्या शिक्षकांच्या पाठीशी एक अनुभवी शिक्षक उभा करायचा, अशी त्यामागची कल्पना. पाठीशी म्हणजे मानगुटीवर नव्हे. पण कागद वाढत गेले आणि पाठीशी उभं राहायचं बाजूला पडलं.

आता तुम्ही म्हणाल, शिक्षकांना प्रशिक्षणं तर होतातच की. होतात. पण आपल्या गटातलीच गोष्ट आठवा. तालुक्याला शेळीपालनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, वही मिळाली, फोटो निघाला. घरी आल्यावर करडू दूध ओढेना, तेव्हा वहीत काही सापडलं का? पशुसखी गोठ्यात आली, तिने करडाचं तोंड धरून दाखवलं, आठ दिवसांनी पुन्हा येऊन बघून गेली, तेव्हा आपल्याला जमलं. शिक्षकाचा गोठा म्हणजे त्याचा वर्ग. तिथे येऊन, बसून, दाखवून, पुन्हा येणारं माणूस त्यालाही लागतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. दक्षिण आफ्रिकेत नॉर्थ वेस्ट नावाचा प्रांत आहे, तिथली बहुतेक मुलं घरी सेट्स्वाना भाषा बोलतात. २०१५ पासून दोन वर्षं तिथल्या सरकारी शाळांमध्ये एक प्रयोग झाला. ५० शाळांतल्या शिक्षकांना पुस्तकं, रोजच्या पाठांचं नियोजन आणि एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या ५० शाळांना तीच पुस्तकं, तेच नियोजन, पण वाचन शिकवण्यातली जाणकार व्यक्ती नियमाने त्यांच्या वर्गात जाऊन मदत करत होती. मुलांचं वाचन तपासलं, तर वर्गात मदत मिळालेल्या शाळांमधली वाढ प्रशिक्षणवाल्या शाळांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. आणखी ५० शाळांमध्ये पालकांना बोलावून मुलांच्या वाचनाला घरी हातभार कसा लावायचा ते सांगितलं होतं. त्या शाळांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. हे ऐकून मला आधी वाईट वाटलं. पण वर्गात वाचायला शिकवणं नीट झालं नाही, तर ती उणीव आईने घरी भरून काढावी, ही अपेक्षाच जास्त आहे.

मग आपल्याकडे केंद्रप्रमुख वर्गात का बसत नाहीत? खोट फार करून नियोजनात असते. माझाच हिशेब सांगते. माझ्याकडे १२ शाळा आणि ३५ शिक्षक. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा वर्षात किमान २०० दिवस चालायला हवी, म्हणजे महिन्याला २० धरा. त्यातला एक दिवस शिक्षण परिषदेचा, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीचा. दोन पंचायत समितीच्या बैठकांचे. चार-पाच माहिती गोळा करून वर पाठवण्याचे. आणखी चार तपासण्या, तक्रारी, कोणाची तरी चौकशी यात. उरले आठ. आठ दिवसांत १२ शाळा फिरायच्या तर एका शिक्षकाच्या वाट्याला महिन्यातून जेमतेम तासभर येतो. तेवढ्यात हजेरीच बघून होते!

मी एका वर्षी हे उलटं केलं. तीन महिन्यांसाठी फक्त चार शाळा घेतल्या आणि प्रत्येक शाळेत पंधरा दिवसांनी एक पूर्ण दिवस. चार शाळा, दोन फेऱ्या, आठ दिवस. पुढच्या तीन महिन्यांत दुसऱ्या चार. वर्षात सगळ्या शाळा एकदा नीट होतात. बाकीच्या शाळांना धावती भेट आणि शिक्षण परिषद. शाळांमध्येही सगळे वर्ग नाही, पहिली ते तिसरीच. तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधी गणितं करता आली पाहिजेत, यावर २०२१ मध्ये सुरू झालेलं निपुण भारत अभियान उभं आहे, आणि तिथे मागे राहिलेलं मूल पुढे फार दमतं. पहिल्या चार शाळा निवडताना जिथले शिक्षक आपणहून ‘या’ म्हणाले, तिथेच गेले. ज्यांना नको त्यांच्या वर्गात पहिल्यांदा शिरलं, की वर्षभराचं काम बिघडतं. ‘आमच्याकडे का येत नाही’ असं दोन मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा मला आनंदच झाला.

एका भेटीत काय करायचं, तेही आधी ठरवावं लागतं. आदल्या दिवशी फोन करून विचारायचं, उद्या मी काय बघू? अचानक जाऊन पकडण्यात मदतीचा काही भाग नसतो. एका शाळेतल्या दुसरीच्या बाई म्हणाल्या, ‘‘मॅडम, मुलं धडा खडाखड वाचतात, पण एकेकट्याला उभं केलं की अडतात.’’ मी मागे सतरंजीवर बसले. वहीत वर्गाचा नकाशा काढला, २३ मुलांची २३ चौकोनं. बाईंनी ज्या मुलाचं नाव घेतलं त्याच्या चौकोनात एक रेघ. चाळीस मिनिटांनी बघितलं तर सगळ्या रेघा पुढच्या सहा मुलांच्या चौकोनात. बाकीची १७ सुरात सूर मिसळत होती. खिडकीजवळची एक मुलगी नुसते ओठ हलवत होती, पुस्तक तिसऱ्याच पानावर उघडं होतं.

नंतर मी काही न बोलता वही बाईंपुढे ठेवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मला वाटत होतं, मी सगळ्यांना विचारते.’’ आम्ही एकच गोष्ट ठरवली. सगळ्यांनी मिळून वाचणं झाल्यावर पाच-पाच मुलांचा गट जवळ घ्यायचा आणि प्रत्येकाने शब्दाखाली बोट ठेवून एक ओळ एकट्याने वाचायची. एक गट मी घेऊन दाखवला, दुसरा त्यांनी घेतला. पंधरा दिवसांनी गेले, तेव्हा रेघा १५ चौकोनांत होत्या. खिडकीजवळची मुलगी अजून अडत होती, पण पान बरोबर होतं.

एकच गोष्ट, असं म्हटलं, त्याला कारण आहे. त्याआधी एका शाळेत मी एका तरुण शिक्षकाला मुख्याध्यापकांसमोर सात सूचना सांगितल्या होत्या. सातही खऱ्या होत्या. त्यांनी मान डोलावली, मी त्या शेरेबुकात लिहिल्या, त्यांनी खाली सही केली. महिन्याने गेले तर एकही बदल नव्हता आणि ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. चूक माझी होती. सात कामं एकदम सांगितली तर सुनेलाही कळत नाही आधी काय करावं, आणि त्यातून चारचौघांत!

या कामातली खरी अडचण वेगळीच आहे. केंद्रप्रमुख मदतनीसही असतात आणि तपासणारे अधिकारीही. ज्या हाताने रेघा मारायच्या, त्याच हाताने वर अहवाल पाठवायचा. शिक्षक आपली अडचण का सांगेल? मी दोन वह्या केल्या. तपासणीचा दिवस वेगळा आणि आधी सांगून ठेवलेला. त्या दिवशी शेरेबुक. वर्गात बसायचा दिवस वेगळा. त्या दिवसाची वही शिक्षकाची आणि माझी. तालुक्याच्या बैठकीत तिच्यातलं एक अक्षर काढायचं नाही. मला यावरून बोलणीही खावी लागली. ‘नेमके कोण कच्चे, नावं द्या’ असं विचारलं जायचं. नावं दिली असती, तर पुढच्या पंधरवड्यात माझ्यासाठी खास बसवलेला पाठच बघायला मिळाला असता.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे तुमच्यातल्या कोणीतरी तिथे आहेतच, नुसत्या सहीपुरत्या असल्या तरी. समितीत विचारा, केंद्रप्रमुख या महिन्यात कोणत्या वर्गात बसल्या, पुन्हा कधी येणार आहेत? एवढंच विचारा. ‘आमच्या सरांमध्ये काय कमी दिसलं’ हे विचारू नका आणि पाणवठ्यावर त्याची चर्चाही नको. बाईंना शिकवता येत नाही म्हणून मॅडम येतात, अशी कुजबुज एका गावात सुरू झाली आणि त्या बाईंनी मला वर्गात बोलावणं बंद केलं.

दुसरं काम त्याहून उपयोगी. आपल्या कितीतरी शाळांत दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग. पाठ बघून झाल्यावर शिक्षकाशी अर्धा तास निवांत बोलायचं, तर मुलांकडे कोण बघणार? बोलणं दारात उभ्याउभ्या उरकतं. एका गावातल्या गटाने हा अर्धा तास आपल्याकडे घेतला. मुख्याध्यापकांना विचारून दोघीजणी यायच्या. एक गोष्ट सांगायची, दुसरी चिंचोके मांडून दहा-दहाचे ढीग करायला लावायची. शिकवण्याचा आव नाही. मुलं रमली आणि आम्हाला दार लावून बोलता आलं. माझ्या नोकरीतला सगळ्यात कामाचा अर्धा तास मला त्या बायकांनी दिला.

तेव्हा पुढच्या भेटीची तारीख मुख्याध्यापकांकडून विचारून घ्या, त्या दिवशी कोण दोघी जाणार ते गटाच्या बैठकीत ठरवा. चिंचोके मात्र मोजून न्या. पहिलीची मुलं खिशात घालतात.