वाचणाऱ्या मुलींची जत्रा

मैत्रिणींनो, घरात वाढत्या वयाची मुलगी असेल, तर एक पुस्तक तुमच्याही नजरेस पडले असेल. ते मागच्या बाजूने उघडते. पानभर चित्रे, मोठमोठ्या डोळ्यांची माणसे आणि शब्द अगदी मोजके. कधी ते वह्यांच्या ढिगाखाली सापडते, कधी उशीखाली. "अगं, दहावीला आलीस आणि अजून चित्रांचीच पुस्तकं?" असे आपण म्हणतो. मग एके दिवशी तीच मुलगी विचारते, "आई, मुंबईला कॉमिक कॉन आहे. आम्ही मैत्रिणी जाऊ का? मला या पुस्तकातल्या मुलीसारखा पोशाख करून जायचंय." आता मात्र आपल्या पोटात गोळा येतो. परीक्षा तोंडावर, मुंबईची गर्दी, आणि वर हे सोंग!

'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण त्याआधी ही काय भानगड आहे ते नीट समजून घेऊ या. ज्या जपानमध्ये याचा उगम झाला, तिथली हकिगत कळली की हे नुसते खूळ वाटत नाही.

उलटे नव्हे, उजवीकडून

जपानी भाषेत चित्रकथेला 'मंगा' म्हणतात आणि हलत्या चित्रांच्या मालिकेला किंवा चित्रपटाला 'ॲनिमे'. मंगाचे पुस्तक उर्दू पुस्तकासारखे उजवीकडून डावीकडे वाचायचे असते, म्हणून ते आपल्याला उलटे वाटते, इतकेच. आणि नाव नवे असले तरी ॲनिमे आपल्या घराला नवे नाही बरं का! १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली यायचा, तो जपानमध्ये १९८९ साली तयार झालेला. मुलांचा डोरेमॉन जपानी, शिनचॅनही जपानी. एवढेच काय, युगो साको या जपानी गृहस्थांनी आपल्या राम मोहन यांना बरोबर घेऊन अख्खे रामायण ॲनिमेत आणले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेला तो चित्रपट २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला होता.

फरक आहे तो वेगळाच. आपल्याकडे चांदोबा आणि अमर चित्रकथेचे वय सरले की चित्रे संपतात. जपानमध्ये मुलांसाठी, मुलींसाठी, पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी मंगाची वेगवेगळी नियतकालिके निघतात. म्हणजे दहावीतली मुलगी चित्रांचे पुस्तक वाचते, यात तिथे कुणाला नवल वाटत नाही.

मत मांडले म्हणून दार बंद

आता या जत्रेची गोष्ट. १९७५ सालची. जपानमध्ये मंगाच्या चाहत्यांचे एक संमेलन भरत असे. त्या संमेलनावर टीका करणाऱ्या एका चाहत्याला तिथे प्रवेशच नाकारण्यात आला. वाचकाने वाचावे, टाळ्या वाजवाव्यात, पण मत मांडू नये, असाच याचा अर्थ झाला! हे 'मेइक्यू', म्हणजे 'भुलभुलैया', नावाच्या तरुण समीक्षकांच्या मंडळाला रुचले नाही. आपणच एक मेळावा भरवू आणि तिथे सर्वांना मोकळे दार ठेवू, असे त्यांनी ठरवले.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला टोकियोतल्या निश्शो हॉलमध्ये पहिले 'कॉमिक मार्केट' भरले. त्यालाच थोडक्यात 'कॉमिकेट' म्हणतात. मांडणी करणारे गट अवघे ३२. येणारे लोक सुमारे ७००. आणि हे लोक कोण होते सांगू? त्यात बहुतेक सगळ्या शाळकरी मुली होत्या!

तिथे विक्रीला असायची ती चाहत्यांनी स्वतः लिहिलेली, रेखाटलेली आणि पदरमोड करून छापलेली छोटी पुस्तके. त्यांना 'दोजिन्शी' म्हणतात. शाळेत असताना आपण वर्गाचे हस्तलिखित काढायचो, आठवतं? एकीचं अक्षर वळणदार, दुसरी चित्रं काढणार, तिसरी सगळ्यांच्या मागे लागून लेख जमवणार. तशातलाच हा प्रकार. आवडत्या कथेचे पुढे काय झाले असेल, अमुक पात्राला लेखिकेने न्याय दिला का, हे सारे त्यात यायचे.

मुलींसाठी बायकांनी लिहिलेले

मुलीच का एवढ्या लोटल्या? कारण तोवर मुलींच्या मंगात मोठे स्थित्यंतर झाले होते. मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा अशा विशीतल्या तरुणी मुलींसाठी नव्या धाटणीने लिहू-रेखाटू लागल्या होत्या. इकेदाबाईंनी १९७२ साली 'मार्गारेट' या मुलींच्या साप्ताहिकात 'व्हर्सायचा गुलाब' ही मालिका सुरू केली, तेव्हा त्या २४ वर्षांच्या होत्या. विषय होता फ्रेंच राज्यक्रांती! मुलींना इतिहास कशाला हवा, अशी शंका संपादकांनाही होती.

तिची नायिका ऑस्कर. सगळ्या मुलीच झाल्या म्हणून सेनापती बापाने शेवटच्या मुलीला मुलासारखे वाढवले. ती राणीच्या रक्षकदलाची प्रमुख होते आणि शेवटी भुकेल्या जनतेच्या बाजूने उभी राहून बास्तीलच्या लढाईत प्राण देते. ऑस्करच्या मृत्यूने जपानी मुलींनी घरातले माणूस गेल्यासारखा शोक केला. १९७४ मध्ये ताकाराझुका या मंडळीने त्यावर संगीत नाटक केले. या मंडळीत सगळ्या बायकाच. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून स्त्रीभूमिका करीत, तिथे नेमके उलट! २००९ साली फ्रान्सने इकेदाबाईंना 'लिजियन ऑफ ऑनर' हा सन्मान दिला.

मला विचाराल तर ही कथा सुरुवातीला राजवाड्यातल्या रुसव्याफुगव्यांत फार रमते. पण ऑस्कर डोळे उघडून आजूबाजूला बघू लागली, की पुस्तक हातातून सुटत नाही.

गर्दी, पण शिस्तीची

आता कॉमिकेट वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि वर्षाअखेरीस, टोकियोच्या 'बिग साइट' या भव्य प्रदर्शनगृहात भरते. २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांच्या गर्दीची बेरीज ७ लाख ५० हजार झाली. कुठे ते ७०० आणि कुठे हे!

या पसाऱ्यातली शिस्त मात्र आपण गृहिणींनी दाद द्यावी अशी आहे. तिथे 'गिऱ्हाईक' हा शब्दच नाही. विकणारा, घेणारा आणि राबणारा स्वयंसेवक, तिघेही 'सहभागी'. म्हणून रांग मोडली, कचरा झाला, तर जबाबदारी सर्वांची. पोशाख घरून घालून यायचे नाही आणि घालून परतही जायचे नाही. तिथल्या खोल्यांत बदलायचे, म्हणजे रस्त्यात, गाडीत कुणाला त्रास नको. फोटो काढण्याआधी विचारायचे. सराईत मंडळी आदल्या दिवशीच सुटी नाणी जमवून ठेवतात, कारण प्रत्येक टेबलावर मोठी नोट मोडत बसले तर मागच्यांचा खोळंबा होतो. केवळ प्रौढांसाठी असलेली पुस्तकेही तिथे असतात, पण ती वय पाहूनच देतात. आणि बऱ्याच गटांना छपाईचा खर्चसुद्धा सुटत नाही. तरी पुढच्या खेपेला ते पुन्हा येतात. हौसेला मोल नसते, म्हणतात ते काही खोटे नाही.

वाचकाचे कार्ड

तिथल्या मासिकांनीही वाचकाच्या मताला वजन दिले. १९६८ साली निघालेल्या 'शोनेन जंप' या मुलांच्या नियतकालिकाचे उदाहरण घ्या. अंकात एक कार्ड असे. आवडलेल्या कथा कोणत्या, ते लिहून वाचकाने धाडायचे. ज्या कथेला मते जास्त ती पुढे चालायची, मागे पडली तर गुंडाळली जायची. यात तोटाही आहे. सावकाश फुलणारी एखादी चांगली कथा अकाली मरते आणि लोकप्रिय कथा नको इतकी लांबते. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला 'तुला काय वाटलं?' असे कुणीतरी विचारते आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. निबंधात आठ ओळींच्या पुढे न जाणाऱ्या मुली मधल्या सुट्टीत मंगातल्या एखाद्या पात्राचे वागणे बरोबर की चूक, यावर तावातावाने वाद घालताना मी ऐकते. मुद्दा मांडणे, दाखला देणे, दुसरीचे खोडून काढणे, सगळे काही त्यांना येते. फळ्यावर 'माझे आवडते पुस्तक' असे लिहिले की मात्र त्या गप्प. कारण हे पुस्तक मोठ्यांना चालणार नाही, हे त्यांनी मनाशी धरलेले असते.

आपण काय वाचावे?

केवळ लेकीसाठी नव्हे, आपल्यासाठीही यात पुष्कळ आहे. माचिको हासेगावा या बाईंनी १९४६ मध्ये, युद्धात होरपळलेल्या देशात, वर्तमानपत्रात चार चौकटींची 'साझाए-सान' सुरू केली. नायिका कोण? एक धांदरट, हसरी गृहिणी. ती नवऱ्यासह आपल्या आईवडिलांच्याच घरी राहते, म्हणजे जावईबापू जवळजवळ घरजावईच! घरातल्यांची नावे समुद्रावरून. साझाए म्हणजे शंखातला एक जीव, आई फुने म्हणजे होडी. पुस्तके काढायला हासेगावा भगिनींनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, तिचे नावच 'बहिणींची कंपनी' या अर्थाचे. १९६९ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली तिची ॲनिमे मालिका दर रविवारी संध्याकाळी लागते आणि जगातली सर्वांत दीर्घकाळ चाललेली ॲनिमेशन मालिका म्हणून तिची नोंद आहे.

दुसरी, रुमिको ताकाहाशी यांची 'मेझॉन इक्कोकु' (१९८० ते १९८७). लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा झालेली क्योको एका जुनाट भाड्याच्या वाड्याची देखरेख करते. तिथला एक धडपड्या भाडेकरू तिच्यावर जीव लावतो. १५ भागांत गैरसमज इतके की मध्ये मध्ये कंटाळा येतो, हे खरेच. पण मला यात भावले ते क्योकोचे सासरे. 'पोरी, तू पुन्हा संसार मांड' असे मनापासून वाटणारा सासरा! आणि क्योको पहिल्या नवऱ्याला विसरत नाही, तरी पुढे जाते. यावर आपल्याकडच्या माजघरात किती बोलता येईल, नाही का? २०१९ साली फ्रान्समधल्या अँगूलेमच्या महोत्सवाने ताकाहाशीबाईंना आपला सर्वोच्च पुरस्कार दिला.

लेकीला पाठवण्याआधी

सगळाच मंगा चांगला असतो असे मुळीच नाही. कुठे रक्तपात फार, कुठे मुलींची चित्रे निव्वळ पुरुषी नजरेने काढलेली. तेव्हा डोळसपणे पाहावे. बऱ्याच इंग्रजी आवृत्त्यांवर मागच्या बाजूला वयोगट छापलेला असतो : 'टीन' म्हणजे तेरा वर्षांपुढे, 'टीन प्लस' म्हणजे सोळाच्या पुढे, 'मॅच्युअर' म्हणजे प्रौढांसाठी. मालिका लांबलचक असतात, त्यामुळे पहिला भाग आवडला तरच पुढचा घ्यावा. मैत्रिणींनी वेगवेगळे भाग घेऊन अदलाबदल केली तर खर्च निम्म्याहून कमी होतो.

कॉमिक कॉनला जायचेच असेल, तर चौघींनी मिळून जावे आणि बरोबर एक जबाबदार मोठे माणूस असावे. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवावी. पाण्याची बाटली आणि पायांच्या सवयीचे बूट हवेत, कारण दिवसभर उभे राहावे लागते. पोशाख विकत आणू नका. जुनी साडी, अस्तर, काठाची पट्टी आणि घरचे शिलाई मशीन एवढ्यात पुष्कळ होते. तलवार, काठी पुठ्ठ्याची करावी. खर्चाचे पैसे मोजून द्यावेत आणि त्यात काय बसवायचे ते तिलाच ठरवू द्यावे. आपल्याला विचारल्याशिवाय कुणी फोटो काढत असेल तर 'नको' म्हणायचे, हे तिला आवर्जून सांगावे.

आणि ती परत आली की 'किती पैसे उडवलेस?' हा प्रश्न जरा मागे ठेवा. काय घेतलंस, का घेतलंस, काय आवडलं नाही, ते विचारा. तुमचे मत वेगळे असेल तर तेही सांगा. वाद होऊ दे. आज पुस्तकाबद्दल आईशी वाद घालणारी मुलगी उद्या स्थळ, नोकरी, संसार यांबद्दलही गप्प बसणार नाही, आणि आपल्याला हवे तरी दुसरे काय? फक्त त्यासाठी आधी पुस्तक वाचायला हवे. तेव्हा या आठवड्यात दुपारची कामे आटोपली, की तिच्याकडून पहिला भाग मागून घ्या. सुरुवात उजवीकडून करायची, तेवढं लक्षात ठेवा!