यादीत पहिलं नाव कोणाचं?

विंडोजसोबत इंटरनेट एक्सप्लोरर आयता मिळायचा. युरोपियन कमिशनने डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून हमी घेतली की बाकीचे ब्राउझरही लोकांना दाखवायचे. मार्च २०१० पासून युरोपात निवडीची खिडकी दिसू लागली. त्यात मोठी पाच नावं, क्रम रँडम.

इथे जरा थांबा. क्रम खरंच रँडम होता का? सुरुवातीच्या कोडमध्ये यादी सॉर्ट करताना दोन नावांच्या प्रत्येक तुलनेचं उत्तर नाणं उडवल्यासारखं दिलं जात होतं. ऐकायला ठीक वाटतं. पण सॉर्टिंग चालतं ते उत्तरं एकमेकांशी जुळतात असं धरून. त्यामुळे ठरावीक नावं ठरावीक जागी जास्त वेळा यायची. (मला यात डाव दिसत नाही, घाई दिसते.) बाहेरच्यांनी मोजून दाखवलं, मग कोड बदलला. तुम्हीही दहा हजार वेळा चालवून तक्ता काढून बघा.

पुढची चूक मोठी. मे २०११ ते जुलै २०१२ विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ सोबत ही खिडकी आलीच नाही. सुमारे दीड कोटी लोकांना ती दिसली नाही, आणि २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरो दंड झाला. त्या काळातले ब्राउझर-वापराचे युरोपीय आकडे घेणार असाल, तर हे १४ महिने आधी वेगळे काढा.