तीस दिवसांच्या आत बाळाचे डोळे

ऊसतोडीच्या हंगामात बारडोली, मढी, चलथाण या बाजूला डांग, नंदुरबार, धुळे इकडून कोयते येतात. त्यांत दिवस गेलेल्या बायाही असतात. मोळ्या वाहता वाहता सातव्या-आठव्या महिन्यातच बाळंत झालेली एखादी बाई आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. असे अपुऱ्या दिवसांचे मूल पूर्वी सहसा जगत नसे. आता काचेच्या पेटीत ठेवून, प्राणवायू देऊन डॉक्टर ते वाचवतात. मूल घरी आले की सारे घर सुटकेचा श्वास टाकते. पण धोका तेथे संपत नाही, आणि हे पुष्कळ आईबापांना कोणी सांगितलेले नसते.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्यावरील रक्तवाहिन्या पोटातल्या नऊ महिन्यांत हळूहळू पसरतात. मूल लवकर जन्मले की हे काम अर्धवट राहते. मग काही मुलांत त्या वाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सोडवतात. बॉस्टनचे डॉ. टेरी यांनी १९४२ साली हा रोग प्रथम नोंदवला. जास्त प्राणवायूशी त्याचा संबंध असावा, असे मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली दाखवले. वरून पाहता डोळा अगदी चांगला दिसतो, ही यातली खरी गोम. आईला शंका येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

चेन्नईत हेच घडले. ३० ऑगस्ट १९९६ रोजी एगमोरच्या सरकारी इस्पितळात एक मुलगी २९व्या आठवड्यात जन्मली. वजन १,२५० ग्रॅम. सुमारे २५ दिवस पेटीत राहून २३ सप्टेंबरला ती घरी गेली. ३० ऑक्टोबरला तिला पुन्हा दाखवले, तेव्हा ती नऊ आठवड्यांची होती. संसर्ग होऊ नये म्हणून तिला चार भिंतींच्या आत जपा, एवढेच सांगण्यात आले. डोळ्यांचे नाव कोणी काढले नाही. पुढे साडेचार महिन्यांच्या सुमारास दुसऱ्या एका डॉक्टरांना शंका आली, पण तोवर दृष्टी गेलेली होती.

वडील, कृष्णकुमार, गप्प बसले नाहीत. तपासणी झाली नाही आणि धोक्याची कल्पनाही दिली नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००९ साली ५ लाख रुपये देवविले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १ जुलै २०१५ रोजी न्यायालयाने झालेला व पुढचा औषधोपचाराचा खर्च धरून सुमारे १ कोटी ८० लाख रुपये देण्यास सांगितले. मुलगी तोवर अठरा वर्षांची झाली होती.

अशी झुंज आपल्या मराठी मुलखाला नवी नाही. मे १९५३मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले. सुमारे दोनशे मैल टॅक्सीने त्याला पुण्याला आणले. पुरती भूल न देता हाड ओढून बसवले आणि त्याच रात्री तो गेला. दाखल्यावर कारण लिहिले, रक्तात चरबी अडकली. मुलाचे वडील दौंडचे डॉक्टर. त्यांना ते पटले नाही. खालच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत तिन्ही ठिकाणी त्यांचेच म्हणणे खरे ठरले. शेवटचा निकाल २ मे १९६८चा. भरपाई ३,००० रुपये. पंधरा वर्षे काही ते पैशांसाठी लढले नसतील. पण ते स्वतः डॉक्टर होते, दाखला वाचून त्यातली खोट त्यांना कळली. आपल्या कोयतेवाल्याला कोण वाचून दाखवणार?

इस्पितळावर काठ्या घेऊन जा, असे मी सांगत नाही. बहुतेक डॉक्टर-नर्सबाई रात्रीचा दिवस करून ही मुले वाचवतात. पण विचारायला कसली लाज? ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेले किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचे मूल असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्याच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. २८ आठवड्यांच्या आतले किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा हलके असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. डोळ्यांत थेंब टाकून पडद्याचे जाणकार डॉक्टर पाहतात. मूल रडते, पण काम काही मिनिटांचेच. एकदा पाहून भागत नाही, डॉक्टर बोलावतील तितक्या वेळा जावे लागते. रोग वेळेवर सापडला तर लेसरने किंवा इंजेक्शनने पुष्कळ मुलांची दृष्टी वाचते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा रोग धरलेला आहे. सुरतेच्या नव्या सिव्हिल इस्पितळात किंवा स्मीमेरमध्ये चौकशी करावी.

आता आपल्या घरची गोष्ट. सव्वा महिना बाळबाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, ही आपली जुनी रीत. सव्वा महिना म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस. तीस दिवसांची मुदत त्यातच निघून जाते. वाफसा गेल्यावर पेरणी करून उपयोग नसतो, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे? आजीबाईंना हे आधीच समजावून ठेवा. गुंडाळून, टोपरे घालून मूल न्यावे आणि परत आणावे.

घरी सोडताना कार्डावर किती आठवड्यांचे मूल, किती वजन, प्राणवायू किती दिवस दिला आणि डोळे कधी दाखवायचे, हे लिहून मागा. कागदपत्रांची नक्कल मागितल्यावर ७२ तासांत द्यावी, असा वैद्यक परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची झाल्यास साधारण दोन वर्षांची मुदत असते. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि कारखान्याच्या पडावावरून गावी परतताना ते आईजवळच असू द्या.