'चेक' या शब्दाची कुळकथा

राजगडाच्या पद्मावती माचीवरून खालीं गुंजवण्याकडे पाहिलें म्हणजे भाताचीं खाचरें बांधास बांध लावून पसरलेलीं दिसतात. सहलींत एक विद्यार्थी तीं पाहून म्हणाला, "अगदीं चेक्सचें कापड!" खाचरें वस्तुतः वांकडींतिकडीं असतात, शिवाय 'चौकडा' हा शब्द घरांत असतां 'चेक्स' कशास, असें मनांत आलें. परंतु त्याचें मूळ शोधूं जातां तो दिसतो तितका परका नाहीं असें आढळतें.

आपला चतुरंगाचा खेळ इराणांत गेला. तेथें राजास 'शाह' म्हणत. म्हणून प्रतिपक्षाच्या राजावर मारा होतांच 'शाह' असा इशारा देण्याची चाल पडली. पुढें अरबांच्या मार्फत खेळ युरोपांत पोंचला, आणि 'शाह' या शब्दाचें जुन्या फ्रेंच भाषेंत 'एशेक' व इंग्रजींत 'चेक' झालें. 'चेस' हें खेळाचें नांवहि त्याच्याच अनेकवचनापासून निघालें. मराठीनें मात्र तो शब्द फारसींतून सरळ घेतला; आपला 'शह' तो हाच. शहाजीराजांच्या नांवांतहि हाच 'शाह' आहे. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून तें नांव ठेविलें, अशी परंपरा सांगतात. तेव्हां शिवाजीमहाराजांनीं मोगलांस शह दिला असें आपण इतिहासाच्या वहींत लिहितों, त्या वेळीं 'चेक'चाच सख्खा भाऊ वापरीत असतों.

आतां चौकड्यांचा संबंध कसा आला? गंमत अशी कीं, आपल्याकडील जुन्या पटावर नुसत्या रेघा असत. घरें आळीपाळीनें दोन रंगांचीं करण्याची रीत युरोपांत पडली. त्या रंगीत पटावरून तशा विणीच्या कापडासहि 'चेक' म्हणूं लागले. इंग्लंडांत १२ व्या शतकांत राजाच्या वसुलाचा हिशेब दहा फूट लांब व पांच फूट रुंद मेजावर, रेघांचें कापड पसरून, त्यावर चकत्या मांडून करीत. शून्यासह अंक लिहून बेरीज करण्याची आपली पद्धति तेथें रुळली नव्हती, म्हणून ही युक्ति. पटासारख्या त्या मेजावरून खजिन्यास 'एक्स्चेकर' हें नांव मिळालें, व तेथील अर्थमंत्र्याच्या पदवींत तें अद्यापि आहे.

राजास अडविणें, मग कोणासहि अडविणें, पुढें अडवून तपासणें, असा अर्थ वाढत गेला. शिक्षक वह्या 'चेक' करितात तो हाच. बँकेच्या चेकाचेंहि तसेंच: खोटेपणास आळा बसावा म्हणून ठेविलेल्या स्थळप्रतीस आधीं तो शब्द लागे, मागाहून तो खुद्द कागदास चिकटला. अमेरिकेंत त्याचें स्पेलिंग अजूनहि चौकड्यांच्या 'चेक'सारखेंच करितात. इंग्लंडांत तें 'एक्स्चेकर'च्या वळणावर गेलें.