मोडलेले पथ्य आणि पुढचे जेवण

बीदर शहराला लागून कोळारची औद्योगिक वसाहत आहे. तेथे औषधांचे कारखाने आहेत आणि त्यांच्या कुंपणांपलीकडे अजूनही तूर, हरभरा, ज्वारी पिकते. त्याच शिवारात माझ्या माहेरचा जमिनीचा एक तुकडा आहे. माझे थोरले बंधू तो कसतात. अकरा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेणारा माणूस औषधांच्या कारखान्यांशेजारी शेती करतो, याचे आम्हा घरच्यांना कधीकधी हसू येते. परंतु २०२२ सालच्या येळवसेपासून जे घडले, ते आठवले की हसू मावळते.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मार्गशीर्षातील अमावास्येला बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या पट्ट्यात सारे गाव शेतात जेवायला जाते. कानडीत हा सण एळ्ळ अमावास्या. एळ्ळ म्हणजे तीळ. मराठी तोंडात त्याची वेळा अमावास्या झाली, आणि बोलताबोलता येळवस. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, पिकावर आंबील शिंपडतात, आणि मग दुपार कलेपर्यंत पंगती उठत राहतात. कोण कोणाच्या शेतात जेवला याचा हिशेब कोणी ठेवत नाही. न जेवता कोणाच्या बांधावरून पुढे जाणे मात्र अशक्य.

त्या वर्षी येळवस २३ डिसेंबरला होती. दादांनी गणपतीपासून चार महिने पथ्य पाळले होते. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि २००४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून घरोघरी पोचवलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत त्यांनी धरली होती. अर्थात डॉक्टरांना विचारून आणि गोळ्यांचे प्रमाण त्यांच्याकडून बदलून घेऊन. ही पद्धत बरी की दुसरी, हा वाद मला येथे घालायचा नाही. दादांना ती मानवली होती. वजन सहा किलोंनी उतरले होते आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रक्ताचा आकडा ७.१ वर आला होता.

खरे पाहता येळवसेचे ताट मधुमेही माणसाचे वैरी नव्हे. भज्जी हा तिचा मुख्य पदार्थ. हरभरा, तूर, वाटाणा, वाल यांचे कोवळे दाणे, भुईमुगाचे दाणे, मेथी, कांद्याची पात, चिंच, हे सारे डाळीच्या पिठात आणि ताकात शिजवून ती होते. जोडीला बाजरीचे उंडे आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली, लसूण घातलेली आंबील. आहारशास्त्र शिकलेल्या माणसाने कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि याहून फार चांगले काही सुचू नये, असे हे जेवण आहे. घात होतो तो गुळाच्या गव्हाच्या खिरीत आणि तिळाच्या पोळीत. दादांनी खीर एकदा घेतली, शेजारच्या शेतात दुसऱ्यांदा घेतली, आणि तिसऱ्या शेतात कोणी आग्रह करण्याआधीच वाटी पुढे केली.

संध्याकाळी बैलगाडीत भांडी भरताना वहिनी म्हणाल्या, "अहो, रात्री आता थोडं ताकच घ्या." त्यावर दादांनी जे उत्तर दिले ते आपल्यापैकी कोणत्या घरात ऐकू आले नसेल? "आता मोडलंच आहे ना? मग संक्रांत होऊन जाऊ दे. नंतर नव्यानं धरू."

संक्रांत १५ जानेवारीला होती, म्हणजे मध्ये तेवीस दिवस. संक्रांतीनंतर भाचीचे लग्न निघाले, लग्नानंतर महाशिवरात्रीचा साबुदाणा आला. 'नव्याने' धरण्याचा दिवस प्रत्येक वेळी पुढच्या सणाच्या पलीकडे जाऊन बसला. मार्चमध्ये रक्त तपासले तेव्हा आकडा ८.९ होता. त्याच सुमारास नव्या चपलेने अंगठ्याजवळ फोड आला होता, तो पाच आठवडे भरला नाही. आमच्या वडिलांच्या पायाची दोन बोटे अशाच एका फोडामुळे गेली होती. दादा तो फोड मोज्याखाली लपवीत होते. वहिनींच्या लक्षात आले ते मोजा धुवायला घेतला तेव्हा.

फोड अखेर भरला. परंतु त्या पाच आठवड्यांत मी पुष्कळ विचार केला, काही वाचले, आणि एक गोष्ट मनाशी पक्की झाली. दादांचे नुकसान येळवसेच्या खिरीने केले नव्हते. ते त्या संध्याकाळच्या एका वाक्याने केले होते.

साधा हिशेब करून पाहावा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने ७,७०० कॅलरी. येळवसेच्या दिवशी माणसाने रोजच्यापेक्षा दीड हजार कॅलरी जास्त खाल्ल्या असे धरले, आणि ते बरेच झाले, तरी त्यातून फार तर दोनशे ग्रॅम चरबी वाढेल. मग दुसऱ्या दिवशी सकाळी काटा दीड-दोन किलो जास्त का दाखवतो? कारण ते बहुतांशी पाणी असते. खाल्लेल्या पिठा-साखरेचा काही भाग शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. वर मीठ आपले पाणी अडवते. चार दिवस नेहमीचे जेवण झाले की ते उतरते. परंतु काट्यावरचा तो आकडा पाहून माणसाचे मन खचते, आणि खचलेले मन डबा उघडते. आता याच्या उलट, दिवसाला केवळ तीनशे कॅलरी जास्त, म्हणजे दोन गोड चहा आणि एखादा लाडू, असे तीस दिवस चालले, तर नऊ हजार होतात. चरबी येते ती या वाटेने. तीन महिन्यांच्या सरासरीवरही एका दुपारचा परिणाम नगण्य असतो. महिन्याचा मात्र मोठा असतो, कारण त्या आकड्यात शेवटच्या महिन्याचाच वाटा सर्वांत जास्त असतो.

"आता मोडलंच आहे" या मनोवृत्तीवर परदेशी शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी अमेरिकेतील विद्यार्थिनींना आधी दुधाचे गोड पेय दिले आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खायला सांगितले. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन घालीत नव्हत्या, त्यांनी पेय पोटात गेल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरले होते, हे स्वाभाविकच. ज्या मुली वजनासाठी सदैव जपून खात होत्या, त्यांनी मात्र पेय घेतल्यानंतर उलट जास्त खाल्ले. नियम मोडला होता, मग उरलेला दिवस कशासाठी सांभाळायचा? जी जितकी कडक, तिचा बांध फुटल्यावर लोंढा तितका मोठा. दादांची तिसरी वाटी मला येथे दिसली.

हा दोष काही अंशी शब्दाचाही असावा, असे मला वाटते. आम्ही सीमेवरची माणसे घरात मराठी, बाजारात कानडी आणि दवाखान्यात दखनी बोलतो. दवाखान्यात या गोष्टीला 'परहेज' म्हणतात. परहेज म्हणजे दूर राहणे, टाळणे. टाळण्याचे व्रत एकदा मोडले की मोडलेच, काचेच्या बांगडीसारखे. मराठीत आणि कानडीतही त्याला 'पथ्य' म्हणतात. पथाला सोडून जात नाही ते पथ्य, अशी त्याची फोड चरकसंहितेत आहे. तेथे पथ म्हणजे शरीरातील मार्ग असा अर्थ घेतात, ही गोष्ट वेगळी. परंतु वाट म्हटली की चुकणे आले, आणि चुकलेला माणूस जेथे चुकल्याचे कळते तेथूनच परत फिरतो. कलबुर्गीला निघालेला कोणी हुमनाबादच्या फाट्यावर चुकला, तर "आता आजचा दिवस गेलाच, पुढच्या सोमवारी बघू" असे म्हणून उदगीरपर्यंत जात नाही.

दुसरे टोक प्रायश्चित्ताचे. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास करणारी माणसे आपल्यात पुष्कळ. याचे एक प्रसिद्ध उदाहरण खुद्द गांधीजींचे आहे आणि त्यांनी ते आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या कामात असताना त्यांना आमांशाचा सौम्य त्रास झाला. सणाचा दिवस होता. दुपारी जेवणार नाही असे त्यांनी सांगितले होते. कस्तुरबांनी केलेली गोड लापशी आणि मूग पाहून मन ढळले, आणि थोडे घेण्याऐवजी त्यांनी पोटभर खाल्ले. तासाभरात आमांश उसळला. येथपर्यंतचे आपणां सर्वांना ओळखीचे वाटेल. पुढे मात्र त्यांनी आपल्या चुकीची शिक्षा आपण भोगली पाहिजे म्हणून औषध नाकारले आणि ते दुखणे त्यांना मरणाच्या दारापर्यंत घेऊन गेले. महात्म्याच्या निग्रहाला नमस्कार करावा. त्याचे अनुकरण मधुमेह्याने करू नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळले, तर साखर धोक्याच्या खाली उतरते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, शुद्धही हरपू शकते. खीर खाल्ली म्हणून आपल्या मनाने दुप्पट गोळी घेणे हाही तसाच धोका. दादांनी त्या फेब्रुवारीत हे दोन्ही उद्योग केले होते. ते आम्हाला पुढे उन्हाळ्यात कळले.

प्राचीन वैद्य याबाबतीत अधिक शहाणे होते, असे म्हणायला हवे. अंगवळणी पडलेले अपथ्य एकदम तोडू नये, चतुर्थांश चतुर्थांशाने कमी करावे आणि तेवढे पथ्य त्याच्या जागी आणावे, असा क्रम चरकाने आणि पुढे वाग्भटानेही सांगितला आहे. अलीकडचे एक संशोधन त्याला दुसऱ्या अंगाने पूरक ठरते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितली आणि बारा आठवडे त्यांची नोंद ठेवली. तो निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगी मुरायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला फारच कमी, कोणाला कितीतरी जास्त. परंतु मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. मी हा मजकूर दादांना वाचून दाखविला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ते चार महिने वाया गेले नव्हते?" माझ्या लक्षात आले, की इतके दिवस त्यांना खरे दुःख याचेच होते. एका दुपारी चार महिन्यांची कमाई बुडाली असे मानून ते पुढचे सारे खात होते.

पुढच्या खेपेस वहिनींनी निराळा बेत केला. २०२३ मध्ये अधिक महिना आल्यामुळे येळवस लांबली आणि ११ जानेवारी २०२४ ला पडली. संक्रांत अवघ्या चार दिवसांवर. त्याआधी २६ डिसेंबरला दत्तजयंती, म्हणजे माणिकनगरला जाणे आणि तेथला प्रसाद आलाच. वहिनींनी दादांकडून कसलीही शपथ घेतली नाही. "खीर खायची नाही" असेही म्हणाल्या नाहीत. फक्त येळवसेच्या आदल्या रात्री त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळची तयारी करून ठेवली. अंबाडी निवडून ठेवली. आमचे कानडी शेजारी तिला पुंडी म्हणतात. तुरीची डाळ मोजून डब्यात काढली आणि ज्वारीचे पीठ परातीत झाकून ठेवले. मी विचारले, "वहिनी, शेतातून आल्यावर कोण जेवणार आहे?" त्या म्हणाल्या, "दमून आल्यावर निवडायला बसलं की उद्यावर जातं, ताई. उद्यावर गेलं की संक्रांतीवर जातं."

त्या दिवशी दादांनी खीर खाल्ली, आणि थोडी नव्हे. मी वाट्या मोजल्या नाहीत, पण वहिनींनी मोजल्या असाव्यात. जेवण झाल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला, तुरीचा पट्टा बघून येऊ." दोघे बांधाबांधाने अर्धा तास फिरून आले. जेवणानंतरच्या चालण्याने स्नायू रक्तातील साखर उचलतात, हे आता डॉक्टरही सांगतात. वहिनींना ते दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितले होते. रात्री दादा म्हणाले, "भूक नाही." वहिनींनी गोळी हातात दिली, अर्धी भाकरी, अंबाडीची भाजी आणि पातळ वरण वाढले, आणि स्वतः शेजारी बसल्या. पुढचा दिवस शुक्रवार होता. त्या दिवशी घरात येळवसेविषयी कोणी बोलले नाही.

संक्रांतीला त्यांनी तिळाची एक पोळी खाल्ली आणि संध्याकाळी पुन्हा भाकरी. मार्चमधला आकडा ७.३ आला. ७.१ नव्हे, हे दादांनीच आधी बोलून दाखविले. वहिनी तो कागद घेऊन देवघरातल्या फळीवर, जुन्या ८.९ च्या कागदाशेजारी ठेवून आल्या. मोजे आता त्या रोज उलटे करून पाहतात, आणि दादा पाय पुढे करून खाटेवर बसून राहतात.