वीज दुपारी स्वस्त, मग बर्फ संध्याकाळी का?



मागच्या आठवड्यात दोरी आणि ताडपत्री घ्यायला आम्ही इंदूरला सियागंजात गेलो होतो. तिथल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने छतावर सोलर बसवलंय. बोलता बोलता त्याने विचारलं, "तुमच्या बर्फ कारखान्याचं बिल किती? मशीन दुपारी चालवता की संध्याकाळी?" आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही. परत येताना गाडीत तोच विषय होता, म्हणून हे लिहितोय.

आधी बाजारात काय चाललंय ते बघू. 2017 साली आपल्याच राज्यात रीवाच्या 750 मेगावॅट सोलर प्रकल्पाला पहिल्या वर्षासाठी युनिटला 2 रुपये 97 पैसे भाव मिळाला, तेव्हा देशभर चर्चा झाली. पण ती वीज फक्त ऊन असेपर्यंतची. 2025 मध्ये मुरैनाच्या प्रकल्पाला 2 रुपये 70 पैसे भाव निघाला, आणि त्यात बॅटरी धरलेली आहे, म्हणजे ऊन गेल्यावरही वीज द्यायची. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राकडून सूचना निघाली की नवीन सोलर टेंडरमध्ये क्षमतेच्या किमान 10 टक्के एवढी, दोन तास पुरेल अशी साठवण असावी. कारण सरळ आहे. दुपारी वीज उतू जाते आणि दिवेलागणीला कमी पडते.

आता हे आपल्या बिलात कुठे येतं? केंद्राने 2023 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमात बदल केला. दिवसातले आठ तास 'सोलर तास'; त्या वेळेत वीजदर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी. गर्दीच्या वेळी धंदा-उद्योगाला किमान 20 टक्के जास्त. 10 किलोवॅटच्या वर मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी हे 1 एप्रिल 2024 पासून धरलंय. नेमके तास राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो. स्थिर आकार मात्र कमी होत नाही, तो आहे तेवढाच.

हिशेब करून बघा. एक टन बर्फाला साधारण 60 ते 80 युनिट जातात. 70 धरू, आणि समजा दर 7 रुपये. नेहमीचे झाले 490. सोलर तासात 392, गर्दीच्या वेळेत 588. टनामागे 196 रुपयांचा फरक! पाच टनाला जवळजवळ हजार, तेही रोज.

कोणी म्हणेल, मोठी लादी आठ तासात गोठत नाही. खरं आहे. पण टाकीतलं मिठाचं पाणी एकदा खाली थंड गेलं की तीन-चार तास थंडी धरून ठेवतं. दुपारी कॉम्प्रेसर पूर्ण चालवायचा, संध्याकाळी गर्दीच्या तासात बंद ठेवायचा, आणि त्या वेळात टाकीची झाकणं उगाच उघडायची नाहीत (हे कुणाला उद्देशून आहे ते ज्याचं त्याला कळेल). लोक कोटी-कोटीच्या बॅटऱ्या लावतायत, आपल्याकडे लादीच बॅटरी आहे.

दुसरी बाजू मात्र आपल्या पोटावर येणारी आहे. जमीन महाग झाली, म्हणून सोलर पाण्यावर आलं. खंडवा जिल्ह्यात ओंकारेश्वर जलाशयावर 600 मेगावॅटचा तरंगता प्रकल्प ठरला, त्यातला 278 मेगावॅटचा पहिला टप्पा उभा राहिला. तिथल्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची पाणी गेल्याची तक्रार आहे, आणि ती समजून घ्यायला हवी. नुसत्या पाट्यांखालचं पाणी जात नाही. तराफे धरून ठेवायला पाण्याखाली दूरवर तारा आणि नांगर असतात, जाळं त्यात अडकलं की फाटलंच. होडीला वळसा पडतो तो वेगळा, डिझेल आपलं.

म्हणून अशी काही मोजणी आपल्या पाण्यावर दिसली तर काम सुरू व्हायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. नकाशावर तारा कुठपर्यंत दाखवल्यात? होडीचा रस्ता कुठून? ठेका जलक्षेत्रावर ठरत असेल तर गेलेल्या पाण्याचा ठेका कमी होणार का? तोंडी आश्वासन घेऊ नका, लेखी घ्या आणि संस्थेच्या दप्तरी द्या. नीमच जिल्ह्यात गांधी सागरला पाणी वर चढवून साठवायचा प्रकल्प होतोय. स्वस्त विजेवर पाणी वर ओढायचं, गरजेच्या वेळी खाली सोडायचं. अशा ठिकाणी पाणी ओढायच्या तोंडाजवळ होडी नेणं धोक्याचं, हे पोरांना आत्तापासून सांगून ठेवा.

हायड्रोजनबद्दल बरेच फोन आले. केंद्राचं 19,744 कोटींचं मिशन जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालं, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य आहे. पण तो माल आधी खत कारखाने आणि रिफायनरीकडे जाणार. कोचीन शिपयार्डने हायड्रोजनची बोट बांधली, ती प्रवासी बोट आहे. आपल्या इंजिनासाठी आज काही नाही. कोणी 'हायड्रोजन किट'च्या बुकिंगचे पैसे मागितले तर देऊ नका, आधी ऑफिसात कळवा.

ज्यांची स्वतःची बर्फाची मशीन किंवा शीतपेटीची खोली आहे त्यांनी गेल्या तीन महिन्यांची बिलं घेऊन या. मीटर कुठला आहे आणि तासांप्रमाणे आकारणी लागली आहे की नाही, ते आपण एकत्र बसून बघू.