नालबंदीचा खर्च व त्याचा खरा हिशेब

घोडा बाळगणारा गृहस्थ दाणावैरणीचा खर्च तोंडपाठ सांगतो. परंतु वर्षाकाठीं नालबंदीस किती पैसे गेले असें विचारल्यास तो बहुधा विचारांत पडतो. कारण हा खर्च त्याच्या वहींत मांडलेलाच नसतो. नाल पडला किंवा घोडा अडखळूं लागला, कीं नालबंदास बोलवावयाचें, दराची घासाघीस करावयाची आणि हातीं असतील ते पैसे देऊन मोकळें व्हावयाचें, अशी पुष्कळांची रीत आहे. मग 'नाकापेक्षां मोती जड' अशी तक्रार ऐकूं येते. आमच्या मतें मोती जड नाहीं; हिशेब मांडण्याची रीत चुकते. ती कोठें चुकते, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आपल्या पूर्वजांस हा खर्च किरकोळ वाटत नव्हता. मराठेशाहींत शिलेदारास चाकरीस घेतांना घोडा व स्वार सिद्ध करण्यासाठीं जी रक्कम आगाऊ देत, तिला नालबंदी म्हणत. दाणा, खोगीर, लगाम अशा अनेक बाबी असतांना त्या उचलीस नांव मिळालें तें नालाचें. आज घोडा पूर्वीप्रमाणें गांवोगांव दिसत नाहीं हें खरें. तथापि तापीकांठीं सारंगखेड्यास व नांदेड जिल्ह्यांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मोटारींस मनाई असलेल्या माथेरानांत, महाबळेश्वर-पांचगणीस, लग्नाच्या वरातींत, आणि बिऱ्हाड पाठीवर लादून फिरणाऱ्या धनगर बांधवांच्या वाड्यांत घोडा अजून कामाचा आहे. या सर्वांस हा विषय लागू आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, नालबंदी ही लोखंड झिजलें म्हणून करावयाची गोष्ट नव्हे. खूर हा आपल्या नखाप्रमाणें सतत वाढतो. त्याची बाहेरची भिंत महिन्यास सुमारें पाऊण ते एक सेंटिमीटर वाढते. नाल नसलेल्या घोड्याचा खूर चालतांना झिजतो व वाढ आपोआप निघून जाते. नाल ठोकला म्हणजे ही झीज थांबते, वाढ मात्र थांबत नाहीं. पुढची बोटाकडील बाजू लांबते, पायाचा तोल मागें जातो, आणि नळीमागील शिरांवर ताण पडतो. नाल लोखंड म्हणून अगदीं धड असला तरी सहा आठवड्यांच्या सुमारास तो काढून, खूर तासून, पुन्हा बसवावा लागतो. कोणा घोड्यास पांच आठवडे पुरे होतात, कोणास आठ चालतात. परंतु मुदत येते ती काळानें येते. म्हणून ह्या खर्चाची गणना अकस्मात् खर्चांत न करतां, सरकारी साऱ्याप्रमाणें हप्त्यानें येणाऱ्या देण्यांत करावी.

दुसरी गोष्ट अशी कीं, प्रत्येक जनावरास नाल लागतोच असें नाहीं. शिंगरूं, कुरणांत चरणारी गाभण घोडी, मऊ मातींत थोडें काम करणारें तट्टू, यांस वेळच्या वेळीं खूर तासून देणें पुरेसें होतें. डांबरी रस्ता, खडकाळ वाट किंवा रोजचें ओझें असेल तेथें नाल हवा. घोड्याच्या वजनाचा सुमारें तीनपंचमांश भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळें काम बेताचें असल्यास केवळ पुढील दोन पायांस नाल ठोकून भागतें. ह्याचा निर्णय मात्र जाणत्या नालबंदास पाय दाखवून करावा. पैसे वाचतात एवढ्यावरून करूं नये.

आतां प्रत्यक्ष हिशेब पाहूं. नालबंदास आपण जे देतों त्याचे तीन भाग असतात: नाल व खिळे, हाताचें काम, आणि त्याच्या येण्याजाण्याची मजुरी. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं घेतले आहेत. वाचकांनीं आपल्या गांवचे दर घालावे. समजा, चार नव्या नालांचें काम १,२०० रुपयांस होतें, तेच नाल काढून पुन्हा बसविण्यास ७०० रुपये पडतात, आणि येण्याजाण्याचे ४०० रुपये निराळे. सहा आठवड्यांस एक याप्रमाणें वर्षांत सुमारें ९ वेळां काम निघतें. दर वेळीं नवे नाल घातल्यास १,६०० रुपयांप्रमाणें ९ वेळांचे १४,४०० रुपये होतात.

हा आंकडा पाहून मालक म्हणतो, "सहाचे नऊ आठवडे करूं." मग कामें ६ वर येतात, खर्च ९,६०० रुपये होतो, आणि ४,८०० रुपये वाचले असें दिसतें. ही बचत फसवी कशी, हें पुढें येईलच. तूर्त दुसरी वाट पाहा. मुदत सहा आठवड्यांचीच ठेवावी, पण नाल फार झिजला नसेल तर एक वेळ नवा व एक वेळ तोच, असा क्रम धरावा. नव्याच्या ५ वेळांचे ६,००० रुपये व जुन्याच्या ४ वेळांचे २,८०० रुपये, मिळून ८,८०० रुपये. त्यांतच चार मालकांनीं एक दिवस ठरवून नालबंदास एकत्र बोलाविलें, तर येण्याजाण्याचे प्रत्येकीं १०० रुपयेच पडतात. ते ९ वेळांचे ९०० रुपये. एकूण ९,७०० रुपये. म्हणजे मुदत न लांबवितां ४,७०० रुपये वाचले. दोन्ही वाटांच्या बचतींत अंतर केवळ १०० रुपयांचें आहे. एकींत घोड्याचा पाय धोक्यांत असतो, दुसरींत नसतो.

तो धोका काय, हें आमच्या ओळखीच्या एका वरातीच्या घोडीवाल्यानें अनुभविलें. लग्नसराई तोंडावर असतां त्यानें दहा आठवडे नालबंदी लांबविली. एके रात्रीं नाल सैल झाला. नेहमींचा नालबंद दूरगांवीं होता, म्हणून त्यानें लोखंडी कामाच्या एका कारागिराकडून अल्प पैशांत खिळे ठोकून घेतले. त्या कारागिराचा हात लोखंडास सरावलेला होता, खुरास नव्हे. खिळा खुराच्या मृत भिंतींतूनच जावयास हवा. तो आंत वळला तर जिवंत भागास टोंचतो. तसेंच झालें. तिसऱ्या दिवशीं घोडीनें पाय टेकला नाहीं, आंत पू झाला, आणि वैद्यांनीं खूर फोडून तो काढला. घोडी वांचली, परंतु वैशाखांतील बयाणे परत करावे लागले, आणि कमाई बंद असतांही दाणावैरण चालूच राहिली. दिवसास २५० रुपयांची वैरण धरली तरी एका महिन्यांत ७,५०० रुपये गेले; औषधोपचार व बुडालेल्या वराती वेगळ्याच. वहीवर हें सर्व आम्हीं त्याच्यासमोर मांडलें, तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. अशा जखमेंतून धनुर्वाताचेंही भय असतें, व घोडा ह्या रोगास फार लवकर बळी पडतो. म्हणून धनुर्वाताची लस पशुवैद्याकडून वेळेवर टोंचवून घ्यावी.

काम चांगलें झालें कीं नाहीं, हें मालकास पुढील खुणांवरून ओळखतां येतें. नाल खुराच्या मापानें वळविलेला असावा. नालाच्या मापास खूर कानशीनें घासून आणलेला नसावा. खिळ्यांचीं मोडलेलीं टोंकें बाहेरून एका ओळींत व घट्ट दिसावीं. तळवा व त्याच्या मधला त्रिकोणी मऊ भाग फार कोरलेला नसावा. टांचेकडे नाल आंखूड पडूं नये. शेवटीं घोडा कठीण जमिनीवर सरळ दुडकी चालवून पाहावा. लंगडला तर नालबंद तेथें असतांनाच सांगावें.

खर्च कमी करण्याचे आणखी दोन उपाय मालकाच्याच हातीं आहेत. पहिला, घोड्यास लहानपणापासून चारी पाय उचलून देण्याची संवय लावावी. लाथा झाडणाऱ्या घोड्यापाशीं नालबंदाचा वेळ जातो, जीव धोक्यांत येतो, आणि त्याचें मोल तो मागणारच. दुसरा, खूर रोज खरवडून स्वच्छ करावे. पावसाळ्यांत शेणमुतांत उभ्या असलेल्या घोड्याच्या तळव्यास कुजट वास येऊं लागतो. असा सडका खूर खिळा धरीत नाहीं व नाल वरचेवर पडतो. कोरडा ठाण व दोन घटकांची मेहनत यांस पैसा लागत नाहीं.

बैल बाळगणाऱ्यांनींही हाच विचार करावा. बैलाचा खूर दुभंगलेला असल्यानें चारी पायांस आठ पत्र्या लागतात, आणि पुष्कळ ठिकाणीं बैल दोरांनीं पाडून त्या ठोकाव्या लागतात. हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. गांवांतील पांचसात जोड्या एकाच दिवशीं उरकल्या तर मनुष्यबळही जमतें व कारागिराची फेरीही वांटली जाते.

शेवटीं नालबंदाविषयीं दोन शब्द. तो दिवसभर कंबरेंत वांकून, जनावराचा पाय मांडीवर घेऊन काम करतो. चार ठिकाणीं चार दिवस फिरून हातीं थोडें पडूं लागलें, कीं त्याचा मुलगा हा धंदा धरीत नाहीं. मग दर कितीही देऊं म्हटलें तरी माणूस मिळत नाहीं. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गांवच्या घोडेवाल्यांनीं सहा आठवड्यांचा एक वार नेमावा, तो नालबंदास आगाऊ कळवावा, आणि त्याचे पैसे त्याच दिवशीं रोख चुकते करावे. वहींत दाणा, वैरण यांच्या खालीं नालबंदीचें एक खातें घालून दर आठवड्यास त्याचा हिस्सा बाजूस काढावा. वरील हिशेबानें तो दिवसास २७ रुपयांहून कमीच पडतो. ही तरतूद ज्याच्या वहींत आहे, त्यास नाल पडला तरी चिंता पडत नाहीं.